काका, आयफोन का अँड्रॉइड?

आधी गावाचा खुलासा. महाराष्ट्रात कारंजा एकाहून जास्त आहेत. एक वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचं. दुसरं आमचं, वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे. पुण्यात मी 'माझं गाव कारंजा' म्हटलं की समोरचा माणूस भक्तिभावाने हात जोडतो आणि मग मला ते हात हळूच सोडवावे लागतात. आमचं कारंजा नागपूर-अमरावती हायवेवर. नागपूरहून निघालात की बाजारगाव, कोंढाळी आणि मग आम्ही. पुढे तळेगाव, तिवसा आणि गुरुकुंज मोझरी. मोसमात रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग दिसायला लागले की समजा आलंच.

मोझरीचं नाव मुद्दाम घेतलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९ ते १९६८) तिथले आणि त्यांचं खंजिरी भजन आमच्या सगळ्या पट्ट्याच्या अंगात मुरलेलं आहे. गावोगाव संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, गावोगाव भजनाचा संच. एक पेटी, एक ढोलक नाहीतर तबला, टाळ आणि खंजिरी. माझे बाबा अशाच एका संचात पेटीवर. चाळीस वर्षं होऊन गेली.

तर अशा घरातला माझा पुतण्या, वय एकोणीस. आंबिया बहाराचे पैसे हातात आले तेव्हा दादाने त्याला नवीन फोन कबूल केला. वहिनीने अट घातली, 'वीस हजाराच्या वर जायचं नाही, आन् फोन अभ्यासाचाबी पायजे.' लगेच पठ्ठ्याचा मला फोन. "काका, मले गाणं बनवाचं हाये. आयफोन घेऊ का अँड्रॉइड? तुमी सांगा."

आता मी पोटासाठी कॉम्प्युटरचं काम करतो, त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी मी फोन, प्रिंटर, इन्व्हर्टर आणि डिश टीव्ही या सगळ्यांचा तज्ज्ञ. नेहमी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा होतो. या वेळी महिनाभर गुंतलो. कारण प्रश्न विचारणारा पुतण्या असला तरी त्यात बाबा होते.

ते कसं, सांगतो.

पुतण्याला जे गाणं बनवायचंय ते असं. आबाजींची (म्हणजे माझ्या बाबांची) चाल घ्यायची, खाली स्वतःचा ठेका आणि बेस टाकायचा, मधे काचेवर बोटं आपटून पेटीचे दोन-चार तुकडे वाजवायचे. बाबांकडे चाली आहेत भरपूर. काही मंडळात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या, काही त्यांच्या स्वतःच्या. कागदावर एकही नाही. वहीत फक्त शब्द आणि वर कोपऱ्यात 'काळी २' असं पट्टीचं टिपण. चाल डोक्यात. बाबांना आता एकोणऐंशी पूर्ण होतील. दोन वर्षांपूर्वीपर्यंत काळी दोनमध्ये गायचे, आता पांढरी एकवर आलेत, आणि उजव्या हाताची करंगळी थरथरते. तेव्हा पुतण्याच्या फोनला उशीर होऊन चालणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फक्त कोणी तसं बोलत नव्हतं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा प्रयोग झाला. पुतण्याच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर पियानोचं एक फुकट ॲप होतं. बाबा पेटीवर, हा फोनवर, मी टाळ (मला तेवढेच देतात). बाबांनी मुखडा धरला, याने साथ सुरू केली. चार ओळी झाल्या आणि बाबांनी भाता सोडला. म्हणाले, "तुही पेटी मांगून येते."

पुतण्या म्हणाला, "आबाजी, मी बरोब्बर वाजवून राह्यलो."

"तू बरोब्बर वाजवतं. पेटी मांगून येते."

मंडळी, या एका वाक्यात सगळा विषय आला. बोट काचेवर पडल्यापासून आवाज कानात येईपर्यंत जो वेळ जातो, त्याला तांत्रिक भाषेत लेटन्सी म्हणतात. अमेरिकेत आणि युरोपात लोक त्यावर वर्षानुवर्षं भांडले. बाबांनी तो प्रकार चार ओळींत पकडला.

हा वेळ किती म्हणजे फार? याला एक सोपं माप आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात (१० मिलिसेकंद) सुमारे ३.४ मीटर. भजनात ढोलकवाला बाबांपासून तेवढ्या अंतरावर बसू शकतो. त्याची थाप बाबांना १० मिलिसेकंद उशिराच ऐकू येते आणि त्याने काही बिघडत नाही. सगळी भजनं त्याच उशिरात झाली आहेत. पण १०० मिलिसेकंद म्हणजे ३४ मीटर. म्हणजे तुम्ही मंदिरात पेटीवर बोट ठेवताय आणि सूर रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरून येतोय. भजन शेवटाकडे चढतं तेव्हा मिनिटाला १६० मात्रांची लय सहज होते. एका मात्रेत चार बोल वाजवले तर एकेका बोलाला येतात ९४ मिलिसेकंद. फोन १०० मिलिसेकंद मागे असेल तर तो पूर्ण एक बोल मागे राहिला. यावर रियाजाचा उपाय नाही, कारण वाजवणारा बरोबरच असतो.

पुतण्या जिद्दीचा. त्याने माप घेतलं. पद्धत मजेशीर आहे, घरी करून पाहा. एका फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं. दुसऱ्या फोनच्या काचेवर नखाने टक्कन मारायचं, म्हणजे टक् हा आवाजही नोंदला जातो आणि मागून येणारा पियानोचा सूरही. मग ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उघडून दोन्हींच्या मधलं अंतर मोजायचं. त्याच्या फोनवर सेकंदाचा दहावा भाग आणि वर थोडं. शेजारच्या ताईंचा जावई आला होता, त्याच्या चार वर्षं जुन्या आयफोनवर त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. बाबांना जावयाच्या फोनवर साथ करून दाखवली. ते काही बोलले नाहीत, भजन पूर्ण केलं. आमच्या घरात याला पसंती म्हणतात.

हे असं का होतं? फोनमध्ये आवाज अखंड धारेने वाहत नाही. तो सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने गठ्ठ्या-गठ्ठ्याने पुढे जातो. आमच्याकडच्या माणसाला संत्र्याच्या क्रेटवरून लगेच समजेल. क्रेट भरल्याशिवाय हलत नाही. क्रेट मोठा घेतला तर काम निवांत चालतं, मधे खंड पडत नाही, पण पहिलं संत्रं टाकल्यापासून क्रेट निघेपर्यंत वेळ जातो. क्रेट लहान घेतला तर माल पटापट निघतो, पण मग भरणारा, उचलणारा, गाडीवाला, सगळेच वेळेचे पक्के लागतात. एकाने विडी शिलगावली की खंड पडला. आवाजात तो खंड 'टक्‌' किंवा 'खर्र' असा ऐकू येतो. २५६ नमुन्यांचा क्रेट ४८,०००च्या गतीने भरायला ५ मिलिसेकंदांच्या थोडं वर लागतात. ९६० नमुन्यांचा असेल तर २०. आणि बोटापासून कानापर्यंत असे क्रेट एकामागे एक अनेक.

ॲपलचं कसं, की भरणारा, उचलणारा आणि गाडीवाला एकाच घरचे. शिवाय त्यांच्याकडे संगीताची जुनी शिदोरी होती. मॅकमधली कोअर ऑडिओ ही आवाजाची व्यवस्था २००७च्या पहिल्या आयफोनबरोबरच फोनमध्ये आली. २००२ साली त्यांनी लॉजिक बनवणारी इमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली होती, २००४ साली मॅकवर गॅरेजबँड आणलं, आणि २०११ साली तेच गॅरेजबँड आधी आयपॅडवर आणि मग आयफोनवर. २०१७पासून ते सगळ्यांना फुकट आहे.

अँड्रॉइड मात्र शंभर घरचे पाहुणे. सिस्टिम गूगलची, चिप तिसऱ्याची, फोन चौथ्याचा, आणि प्रत्येकाचे आवाजाचे ड्रायव्हर वेगळे. पहिला अँड्रॉइड फोन २००८ला आला. २००९ला गूगलच्या जाहीर तक्रारवहीत 'आवाज उशिरा येतो, काहीतरी करा' अशी नोंद झाली, तिचा नंबर ३४३४. संगीतवाल्या मंडळींमध्ये हा नंबर आमच्याकडच्या सातबाऱ्यासारखा प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं लोक तिच्याखाली येऊन सही करून जात. सुधारणा झाली, पण सरकारी रस्त्यासारखी, टप्प्याटप्प्याने. २०१२च्या आवृत्तीत थोडी, २०१४ला अजून थोडी. २०१५ला अँड्रॉइड ६मध्ये मिडी आलं, म्हणजे बाहेरचा कीबोर्ड नीट जोडता येऊ लागला. २०१७ला अँड्रॉइड ८बरोबर एऑडिओ नावाचा जवळचा रस्ता काढला. २०२१ साली गूगलनेच सांगितलं, की लोकप्रिय अँड्रॉइड फोनांची आत-बाहेर धरून सरासरी काही वर्षांत १०९ मिलिसेकंदांवरून ३९वर आली.

हा आकडा मी पुतण्याला कळवला तेव्हा तो म्हणाला, "मंग झालं ना काका, अँड्रॉइडच घेतो." सरासरीची गंमत अशी, की नदीची सरासरी खोली गुडघाभर असली तरी माणूस डोहात बुडू शकतो. महागड्या अँड्रॉइड फोनमध्ये आज खरोखर तक्रारीला जागा नाही. पण वीस हजारांच्या आतला कुठला फोन कसा निघेल हे दुकानात काचेच्या पेटीबाहेरून कळत नाही. खोक्यावर मेगापिक्सेल लिहितात, मिलिसेकंद कोणी लिहीत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ज्यांच्या घरी अँड्रॉइड आहे ते सगळे नातेवाईक माझ्यावर रागावतील. (म्हणजे सगळेच.)

हा उशीर नडतो तो फक्त तुम्ही *वाजवत* असाल तेव्हा. तुम्ही ठेका चौकोन भरून मांडत असाल, तयार तुकडे एकापुढे एक लावत असाल, तर उशीर असला काय नि नसला काय. सगळं फोनच्या आतच जुळतं. आजची निम्मी गाणी अशीच मांडून केलेली असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. अशा कामाला बँडलॅब आहे, फुकट आहे, दोन्हीकडे चालतं, आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येही उघडतं, म्हणजे उद्या फोन बदलला तरी गाणं अडकून पडत नाही. एफएल स्टुडिओ मोबाइल दोन्हीकडे आहे. क्युबेसिससारखं भारी ॲप आयपॅडवर २०१२ला आलं आणि अँड्रॉइडवर यायला २०२० उजाडलं, पण आलं. आपल्या शास्त्रीय मंडळींचं लाडकं आयतबला प्रो मात्र ॲपलच्या दारातच बसलेलं आहे. ज्यांना रियाजाला तोच तबला-तानपुरा लागतो, अशा गाणाऱ्या बायका-पुरुषांनी निव्वळ त्यासाठी जुने आयपॅड घेतलेले मी पुण्यात पाहिले आहेत.

आणि ब्लूटूथ. बाबांनो, वाजवताना कानातले ते बिनवायरचे दाणे काढून ठेवा. फोन कितीही किमती असो, ब्लूटूथमध्ये सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. म्हणजे आपलं ते मंदिर आणि सूर सत्तर मीटरवरून. सिनेमा पाहताना फोन चित्र मागे धरून ओठ जुळवून देतो म्हणून आपल्याला कळत नाही. वाजवताना तुमचं बोट कोण मागे धरणार? वायरचा इअरफोन लावा. आयफोनने ते भोक २०१६ला बुजवलं, तेव्हा त्यांच्याकडे मधे एक छोटा जोड घ्यावा लागतो. स्वस्त अँड्रॉइड फोनांत ते अजून सापडतं, हा गरिबाच्या फोनचा श्रीमंत गुण.

महिनाभर शिकताना मला सगळ्यात नवल वाटलं ते मात्र माइकचं. पुतण्याने बाबांचं भजन व्हॉट्सॲप कॉलवर मला ऐकवायचा प्रयत्न केला. बाबांचा आवाज आला, शब्द स्पष्ट. पेटी मधूनच यायची, मधूनच विरघळायची. आणि मागे धरलेला तानपुरा (बाबांकडे इलेक्ट्रॉनिक आहे, छोटा डबा) पूर्ण गायब! खंजिरीच्या चकत्यांचा तर नुसता फुसफुसाट. मला वाटलं नेटवर्क. तसं नव्हतं. बोलण्यासाठी बनवलेली फोनची व्यवस्था काय करते, तर जो आवाज एकसारखा चालू असतो त्याला कचरा समजते. पंखा, कूलर, ट्रकचं इंजिन. आता एकसारखा चालू राहणं हाच तर तानपुऱ्याचा धर्म. तेव्हा फोनने षड्ज-पंचम उचलले आणि कूलरच्या हिशेबात टाकून दिले. सगळ्यांच्या पायाखाली जो स्वर असतो तो काढून बाकीचं तेवढं माझ्यापर्यंत पाठवलं.

याला उपाय दोन्हीकडे आहे. आयफोनच्या व्हॉइस मेमोत सेटिंगमध्ये जाऊन दर्जा 'लॉसलेस' करायचा. अँड्रॉइडवर डब्ल्यूएव्ही फाइल बनवणारा आणि माइकचा आवाज न सुधारता घेणारा रेकॉर्डर शोधायचा. अँड्रॉइड ७पासून म्हणजे २०१६पासून कच्चा आवाज मागण्याची सोय सिस्टिममध्ये आहे, फोन बनवणाऱ्याने ती दिली तर. एका मिनिटाला पाचेक एमबी जागा लागते, लागू दे. फोन विमान मोडवर, कूलर बंद, फोन चादरीच्या घडीवर, पेटीपासून दीड-दोन हात. आणि ते रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज म्हणून नाही, फाइल म्हणून पाठवायचं.

आता गॅरेजबँडची एक खोड सांगतो, कारण त्याचं इतकं कौतुक केलं की पुतण्याला तो परीस वाटायला लागलाय. आयफोनवरच्या गॅरेजबँडमध्ये ताल निवडायला मिळतात तीन: चारचा, तीनचा आणि सहाचा. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो बसतो. केरवा बसतो, दादरा बसतो. सात मात्रांचा रूपक? दहाचा झपताल? दारातच अडतात. चारच्या घरात सातचा माणूस कोंबून बसवता येतो, पण मग पडद्यावरच्या रेघा कुठेही आणि सम कुठेही. नवीन माणसाला आणखी एक झटका बसतो. गाण्याचा भाग मुळात आठ बारचाच असतो, त्यामुळे आठ बार झाले की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. ते 'ऑटोमॅटिक' करावं लागतं. (पुतण्या पहिल्या दिवशी तासभर आठच बार गात होता. वहिनीने विचारलं, याले पुढचं येत नाही काय?)

आणि याहून मोठी अडचण दोन्ही फोनांत सारखी आहे. मेट्रोनोम. बाबांना कानात टिकटिक लावून गायला बसवलं. मिनिटाला ९२. पहिलं कडवं ठीक. दुसऱ्या कडव्यात बाबा पुढे निघाले आणि टिकटिक मागे राहिली. बाबांनी इअरफोन काढून पुतण्याच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, "याले भजन माहीत नाही."

खरंच माहीत नाही. भजनाची लय दगडावर कोरलेली नसते. ती मुखड्याला बसते, अंतऱ्यात थोडी पुढे सरकते, नाव घेताना थांबते, आणि शेवटच्या गजरात कोणी न सांगता सगळे एकदम पळतात. टाळकरी, ढोलकवाला, म्हातारे, पोरं, सगळ्यांना ते कसं कळतं हे कोणालाही विचारा, सांगता येणार नाही. फोनला मात्र आधी आकडा हवा. दोन्ही कंपन्यांचे फोन परदेशी नाचाच्या गाण्यांवर वाढलेले आहेत, त्यात त्यांचा दोष नाही. पुतण्याने मग उलटा रस्ता काढला. मेट्रोनोम बंद, बाबांचं भजन जसं येईल तसं घ्यायचं, आणि आपला ठेका बाबांच्या मागे हाताने, बोटाने वाजवायचा. चौकोन भरून नाही. आणि हाताने वाजवायचं म्हटलं की पुन्हा तो उशीर आलाच! म्हणजे त्याने बाबांना सोडून गाणं केलं असतं तर वीस हजारांतला कुठलाही अँड्रॉइड चालला असता. बाबांबरोबर करायचं तर नाही.

मला वाटतं प्रश्न इथे सुटला. 'संगीतासाठी कुठला फोन' असा प्रश्न विचारलात तर लोक तावातावाने दोन्ही बाजूंनी भांडतील. तुम्ही एकटे मांडणार आहात, का कोणाबरोबर वाजवणार आहात, ते आधी सांगा.

दादाचं म्हणणं वेगळंच होतं. "फोनवर कोठं संगीत होते काय बे?" असं तो म्हणाला आणि बाबांकडे पाहिलं, त्यांचा पाठिंबा मिळेल म्हणून. बाबांनी त्याला पेटीची गोष्ट ऐकवली. पेटीही आपली नव्हे, विलायतेहून आलेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती, हिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही म्हणून. ती बंदी १९७१पर्यंत होती. बाबा म्हणाले, आम्ही तेव्हा रेडिओ ऐकत होतो आणि घरी पेटीच वाजवत होतो. दादा चहा आणायला गेला.

पुतण्याने मला स्टीव्ह लेसी या अमेरिकन मुलाचं नाव सांगितलं. त्याने आयफोनवर गॅरेजबँडमध्ये केलेलं संगीत २०१७ साली केंड्रिक लमारच्या अल्बमपर्यंत पोचलं. मी त्याला गोरिलाझ सांगितले, २०१० साली त्यांनी एक अख्खा अल्बम दौऱ्यावर असताना बहुतेक आयपॅडवर केला. त्याने गोरिलाझ ऐकले नव्हते, मी केंड्रिक लमार ऐकला नव्हता. दोघांनी एकमेकांना गाणी पाठवली. माझं मत विचाराल तर... असो.

आता व्यवहार. नवा आयफोन वीस हजारांत येत नाही, ते स्वप्न सोडा. जुना घ्यावा तर बॅटरी उतरलेली, कुठे उघडलेला, कुठे पाण्यात पडलेला. कारंज्यात अँड्रॉइडची काच एका संध्याकाळी बदलून मिळते. आयफोनचं काही बिनसलं की धरा नागपूरची यष्टी, पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, आणि दुरुस्तीच्या खर्चात इकडे एक फोन येईल. वहिनीची अभ्यासाची अट होतीच. मग पैसे भरायचं ॲप, मंडईचे भाव, कॉलेजचे मेसेज, हे सगळं ज्या फोनवर, तोच फोन रोज दोन तास गाण्याला अडकवून ठेवायचा हेही बरं नव्हे. गाणं रंगात आलं की नेमका कोणाचा तरी कॉल येतो.

म्हणून ठरलं ते असं: फोन घ्यायचाच नाही. पुतण्याचा जुना अँड्रॉइड चालू आहे, तो राहू दे. वीस हजारांच्या आत एक वापरलेला आयपॅड घ्यायचा. नववी पिढी, २०२१ची. का, तर वायरच्या इअरफोनचं भोक असलेला साधा आयपॅड तो शेवटचा, पुढच्याच पिढीत काढून टाकलं. पडदा मोठा, म्हणून काचेवरची पेटी बोटांना पुरते. आणि वहिनीला तो अभ्यासाचा दिसतो, ही सगळ्यात मोठी सोय. नागपूरहून पारखून आणला. बॅटरी पाहिली, आधीच्या मालकाचा खाते-क्रमांक त्यातून निघालाय ना ते दुकानातच पाहिलं. ते निघालेलं नसेल तर आयपॅड म्हणजे चटणी वाटायची पाटी.

पण आयपॅड यायच्या आधीच पुतण्याने एक काम सुरू केलं होतं, आणि या सगळ्या महिन्यात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रेकॉर्ड करायला उशीर-बिशीर आड येत नाही. त्याला तो जुना अँड्रॉइडच पुरतो. तेव्हा रोज रात्री प्रार्थना झाली की चादरीच्या घडीवर फोन, विमान मोड, आणि बाबांची एक चाल. आधी बाबा पट्टी सांगतात, मग चाल कोणाकडून आली ते सांगतात, मग गातात. करंगळी थरथरली की थांबतात, पुतण्या रेकॉर्डिंग चालूच ठेवतो. फाइलला नाव तारखेचं आणि वहीच्या पानाचं. एक प्रत फोनवर, एक माझ्याकडे, एक मोठ्या पेनड्राइव्हवर वहिनीच्या कपाटात, साड्यांखाली.

आजवर एकतीस झाल्या. वहीत सत्तेचाळीस आहेत. पान बावीसवर जे भजन आहे त्याचा मुखडा बाबांना येतो, अंतरा आठवत नाही. दोन रात्री प्रयत्न केला, तिसऱ्या रात्री त्यांनी वही मिटली. ते म्हणतात, ही चाल आर्वीच्या आत्याच्या लग्नात रात्रभर चालली होती, पट्टी काळी एक, आणि अंतरा वरच्या षड्जावरून सुरू होतो. आत्याच्या घरचं कोणी हे वाचत असेल, तर आत्याला एकदा गुणगुणायला लावा. फोन कुठलाही चालेल. फक्त पंखा बंद करा.